महाधमनीचं मोठं ऑपरेशन आणि मज्जारज्जू: पाय वाचवायला आम्ही नेमकं काय करतो

प्रश्न असा आला आहे: “बाबा ६७ वर्षांचे, आम्ही दांडिया बाजारात राहतो. बीपी २० वर्षांपासून. सीटी अँजिओत छातीपासून पोटापर्यंत महाधमनी फुगलेली निघाली, सगळ्यात रुंद जागी ६.३ सेंटिमीटर. ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणाले, दोन्ही पाय कायमचे जाण्याची शक्यता असते आणि ती कमी करायला पाठीत नळी घालून पाणी काढतात. आई म्हणते, पाठीत सुई टोचल्यानंच पाय जातात, ती नळी नकोच. खरं काय? आणि पाय वाचवायला तुम्ही लोक करता तरी काय?”

मी बडोद्यात हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनला भूल देते. या कामात २३ वर्षं झाली. आईंच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळते आणि ती मनात तशीच राहिली तर पुढचं काही पटत नाही.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेपर्यंत पोचतच नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. आम्ही नळी घालतो ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतून. तिथे फक्त पाणी असतं आणि त्यात मोकळ्या लोंबणाऱ्या नसा असतात. सुई आली की त्या बहुधा बाजूला सरकतात. सिझेरियनला कमरेत इंजेक्शन देतात तेही याच भागात. म्हणजे सुई मज्जारज्जूत घुसून पाय जातात हे चित्र चुकीचं आहे. पण ही नळी अगदी निर्धोक आहे असंही मी सांगणार नाही. तिचे धोके वेगळे आहेत, त्यांच्याकडे पुढे येते. आधी पाय का जातात ते बघू.

मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूने एक बारीक धमनी वरपासून खालपर्यंत उतरते आणि मागून दोन. पुढची एकटी धमनी मज्जारज्जूच्या दोन-तृतीयांश भागाला रक्त देते, आणि पाय हलवण्याचे हुकूम ज्या तंतूंतून जातात ते मुख्यतः याच भागात असतात. ही धमनी मानेकडे बऱ्यापैकी भरलेली असते. खाली येता येता मात्र तिला वाटेत कुमक लागते. ती कुमक महाधमनीच्या मागच्या भिंतीतून निघणाऱ्या, बरगड्यांखालून आणि कमरेतून जाणाऱ्या छोट्या जोडधमन्यांकडून मिळते. त्यांतली एक इतरांपेक्षा ठसठशीत असते. आल्बर्ट अ‍ॅडमकिव्हिझ यांनी १८८० च्या दशकात तिचं वर्णन केलं म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. बहुतेकांत ती डाव्या बाजूने, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यांच्या पातळीवर निघते. तुमच्या बाबांचा फुगा नेमका याच पट्ट्यात आहे. फुगलेला भाग कापून तिथे कापडी नळी, म्हणजे ग्राफ्ट, बसवायची तर या जोडधमन्यांचं मूळच उपटलं जातं.

मी शिकत होते तेव्हा सगळा भर त्या एका धमनीवर असायचा. ती सापडली, ग्राफ्टला शिवली, की पाय वाचले असं समजायचे. आता आमची समज बदलली आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले रँडल ग्रिप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मज्जारज्जूभोवती, मणक्यांभोवती आणि पाठीच्या स्नायूंत बारीक धमन्यांचं एक दाट जाळं असतं. त्याला वरून, हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यांतून रक्त मिळतं. खालून ओटीपोटाच्या धमन्यांतून मिळतं. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त येऊ शकतं आणि काही दिवसांत हे जाळं स्वतःहून रुंदही होतं. बडोद्यातल्या माणसाला मी हे पाण्याच्या लाइनीवरून समजावते. आजवा तलावाकडून येणारी मोठी लाइन दुरुस्तीला बंद केली तरी पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीतल्या, घरांना शेजारच्या गल्लीतून पाणी मिळू शकतं, कारण आतून पाइप जोडलेले असतात. पण त्या आडवाटेच्या पाण्याला प्रेशर नसेल तर ते तिसऱ्या मजल्यावर चढत नाही. मज्जारज्जू हा तिसरा मजला. वाटा उरलेल्या असतात. दाब पुरेसा आहे का, हा प्रश्न असतो. आमचं निम्म्याहून जास्त काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आता त्या पाठीतल्या पाण्याचा अर्थ लागेल. मज्जारज्जू मणक्यांच्या हाडी नळीत, पाण्याच्या पिशवीत बसलेला असतो. बाहेरून रक्त आत ढकलणारा दाब म्हणजे रक्ताचा सरासरी दाब. त्याला विरोध करणारा दाब म्हणजे त्या पाण्याचा. मज्जारज्जूला खरोखर मिळणारा दाब म्हणजे या दोहोंतली वजाबाकी. बीपी १३०/७० असेल तर सरासरी दाब होतो ९०. पाण्याचा दाब १० असला तर हातात राहिले ८०, छान. आता बीपी १००/५५ वर आलं, म्हणजे सरासरी ७०, आणि सुजेमुळे पाण्याचा दाब १८ झाला, तर उरले ५२. मॉनिटरवर १००/५५ बघून कुणी दचकणार नाही, पण आत मज्जारज्जू उपाशी असतो. या वजाबाकीत आमच्या हातात दोनच गोष्टी आहेत: वरचा आकडा वाढवणं आणि खालचा कमी करणं. पाठीतली नळी खालचा आकडा कमी करते. तिचं काम एवढंच.

ऑपरेशनमध्ये रक्त अडवायला महाधमनीला चिमटा लागतो तेव्हा दोन्ही आकडे एकाच वेळी बिघडतात. चिमट्याच्या वर रक्तदाब उसळतो, हृदयावर ताण येतो. खाली दाब कोसळतो. वरच्या उसळीमुळे डोक्यातल्या आणि कण्यातल्या पाण्याचा दाबही चढतो. वरचं बीपी घाईने उतरवायला नायट्रोप्रुसाइडसारखं औषध दिलं तर मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन पाण्याचा दाब आणखी वाढतो आणि खालचा रक्तदाब आणखी पडतो. पूर्वी हे सर्रास व्हायचं. आकडा सुंदर दिसायचा, पाय जायचे. अलेक्सिस कॅरेल यांनी १९१० मध्येच प्राण्यांवरच्या प्रयोगांतून बजावलं होतं की छातीतल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेत मोठा धोका हृदयापेक्षा मज्जासंस्थेला असतो.

म्हणून हल्ली अशा मोठ्या फुग्याला चिमटा लावून घाईघाईने शिवण्यावर भिस्त ठेवत नाहीत. डावं फुप्फुस मिटवून छाती उघडतात, हृदयाच्या डाव्या बाजूकडून किंवा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेतून थोडं रक्त पंपाने ओढतात आणि मांडीच्या धमनीत सोडतात. हे रक्त फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन आलेलं असतं, म्हणून निराळ्या ऑक्सिजनेटरची गरज नसते आणि रक्त फार पातळही करावं लागत नाही. वर हृदय स्वतः रक्त पुरवतं, खाली पंप पुरवतो. मी दोन ठिकाणी दाब मोजते, उजव्या मनगटात आणि मांडीत. डावं मनगट मुद्दाम टाळते, कारण चिमटा डाव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या वर लावायची वेळ आली तर तिथला आकडा काही कामाचा राहत नाही. मांडीतला सरासरी दाब ६० ते ७० च्या खाली जाऊ लागला की पंप चालवणारे परफ्युजनिस्ट आणि मी एकमेकांकडे न बघताच बोलायला लागतो.

सर्जन मग चिमटा टप्प्याटप्प्याने खाली सरकवतात. एका वेळी महाधमनीचा थोडाच भाग रक्तावाचून राहतो, बाकीचा चालू. मोठ्या जोडधमन्या दिसल्या की त्यांचा एक तुकडा ग्राफ्टला शिवतात. ज्यांतून रक्त उलटं वाहतंय त्या लगेच बंद करतात. हे सामान्य माणसाला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे: जाळ्यातलं रक्त उघड्या तोंडातून महाधमनीत गळत असेल तर तेवढा दाब मज्जारज्जूने गमावला. वरच्या मजल्याला पाणी हवं असेल तर खालचा उघडा नळ बंद करावा लागतो.

शरीर थोडं थंड ठेवतो, ३२ ते ३४ अंश. एक अंश उतरलं की पेशींची भूक साधारण ५ ते ७ टक्के कमी होते, म्हणजे उपाशी राहण्याची मुदत वाढते. ३२ च्या खाली जाऊ देत नाही, कारण हृदयाची लय बिघडायची भीती असते. फुगा वर महाधमनीच्या कमानीपर्यंत गेला असेल आणि चिमट्याला जागाच नसेल तर पूर्ण हार्ट-लंग मशीनवर घेऊन १८-२० अंशांपर्यंत उतरवून रक्ताभिसरण काही काळ थांबवतात. तो वेगळा, फार मोठा मार्ग आहे. बाबांच्या सर्जननी तो सांगितला नसेल तर त्याची काळजी आत्ता नको.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आधार वाटतो तो सिग्नलचा. रुग्ण झोपलेला, त्याला पाय हलवा म्हणून सांगता येत नाही. म्हणून टाळूवरून मेंदूच्या हालचालीच्या भागाला बारीक विजेचा झटका देतात आणि पोटरीच्या, नडगीच्या स्नायूत त्याचं उत्तर उमटतं का ते पाहतात. हाताच्या स्नायूंतही पाहतात, तुलनेसाठी. हातात उत्तर येतंय आणि दोन्ही पायांत गेलं, तर मज्जारज्जू संकटात आहे. एकाच पायाचं गेलं तर मी आधी मांडीतल्या नळीकडे बघते, कारण त्या नळीमुळेच त्या पायाचं रक्त अडलेलं असू शकतं. हाताचंही गेलं तर बहुधा भूल खोल झालेली असते. ही तपासणी नीट व्हावी म्हणून मला भूल वेगळ्या प्रकारे द्यावी लागते. भुलीचे वायू हे सिग्नल दाबतात, स्नायू सैल करणारी औषधं तर पुसूनच टाकतात. त्यामुळे प्रोपोफॉलचा शिरेतला पंप, वेदनाशामक, आणि स्नायू सैल करणारं औषध जवळजवळ नाहीच. छाती-पोट उघडलेला माणूस हललाच नाही पाहिजे आणि त्याचे स्नायू उत्तरही देऊ शकले पाहिजेत, या दोन टोकांमध्ये पाच-सहा तास उभं राहायचं असतं.

सिग्नल गेला की काय करतो? बीपी वर नेतो, सरासरी ९०-१०० पर्यंत. पंपाचा खालचा प्रवाह वाढवतो. पाण्याचा दाब बघून थोडं पाणी काढतो. हिमोग्लोबिन बघतो. सर्जनना सांगतो की नुकत्याच बंद केलेल्या जोडधमनीचा विचार पुन्हा करा. बऱ्याचदा काही मिनिटांत पोटरी पुन्हा उत्तर देते. ती छोटी उभी रेघ पडद्यावर परतते तेव्हाचा आनंद मी आजही लपवत नाही.

आता पाठीच्या नळीचे धोके. माणसाच्या शरीरात हे पाणी एका वेळी सुमारे १५० मिलिलीटर असतं आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलीटर नवं तयार होतं. ते भराभर ओढून घेतलं तर मेंदू खाली सरकतो, त्याच्या आवरणातल्या बारीक शिरा ताणून फाटतात आणि डोक्यात रक्त साचतं. म्हणून आम्ही दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास ठेवण्यापुरतंच पाणी काढतो आणि तासाला १०-१५ मिलिलीटरच्या वर शक्यतो जात नाही. पाण्यात रक्त दिसलं की काढणं थांबवून डोक्याचा सीटी. नळी घालतानाच रक्त आलं तर पुष्कळ ठिकाणी ऑपरेशन एक दिवस पुढे ढकलतात, कारण टेबलावर हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, द्यायचं असतं आणि कण्यात रक्ताची गाठ झाली तर तीच मज्जारज्जूला दाबते. शिवाय जंतुसंसर्ग, डोकेदुखी, क्वचित काढताना नळी तुटणं, हेही असतं.

आणि एक चूक जी कुठेच मोठ्याने बोलली जात नाही: मोजमापाची. पाणी गोळा होणाऱ्या डबीच्या पट्टीवर पाऱ्याचे मिलिमीटर आणि पाण्याचे सेंटिमीटर असे दोन्ही आकडे असतात. पाऱ्याचे १० म्हणजे पाण्याचे साडेतेरा. एकाने एका पट्टीवर लावलं, दुसऱ्या पाळीतल्या माणसाने दुसरी वाचली, तर रात्रभर पाणी चुकीच्या दाबावर वाहतं. तसंच, रुग्णाला बसतं केलं, पलंग वर-खाली केला आणि नळीची चावी बंद केली नाही, तर पाच मिनिटांत नको तेवढं पाणी निघून जातं. म्हणून तुम्ही घरच्यांनीही बाबांचा पलंग स्वतः हलवायचा नाही. उशी सारखी करायची असली तरी सिस्टरला हाक मारा.

एवढे धोके असताना मग नळी का? कारण तिचा उपयोग तपासून पाहिलेला आहे. अमेरिकेतले सर्जन जोसेफ कोसेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये १४५ रुग्णांचा अभ्यास छापला. सगळ्यांचे फुगे सर्वांत धोक्याच्या दोन प्रकारांतले, आणि कुणाला नळी मिळणार ते चिठ्ठी टाकून ठरवलेलं. नळी नसलेल्यांत १३ टक्क्यांचे पाय गेले किंवा अशक्त झाले, नळी असलेल्यांत २.६ टक्क्यांचे. आईंना हे दोन आकडे सांगा. त्या जिला पाय जाण्याचं कारण समजतात, त्या नळीने प्रत्यक्षात पाय वाचले.

धोका किती, हे फुगा कुठून कुठपर्यंत यावर फार अवलंबून आहे. फक्त पोटातला, मूत्रपिंडांच्या खालचा फुगा असेल तर पाय जाणं अगदी दुर्मीळ, चारशेत एखादा. डाव्या हाताच्या धमनीपासून थेट ओटीपोटापर्यंत असेल, ज्याला क्रॉफर्डच्या वर्गवारीत दुसरा प्रकार म्हणतात, तर सगळ्यात जास्त. ह्यूस्टनच्या स्टॅन्ली क्रॉफर्ड यांच्या १५०९ रुग्णांचा हिशेब १९९३ मध्ये छापला गेला: एकूण १६ टक्क्यांच्या पायांवर परिणाम झाला, दुसऱ्या प्रकारात ३१ टक्क्यांच्या. त्याच शहरातल्या कोसेली यांच्या ३३०९ ऑपरेशनांच्या २०१६ च्या हिशेबात पाय कायमचे पूर्ण गेलेले २.९ टक्के आणि कायमचे अशक्त राहिलेले २.४ टक्के. हे जगातल्या सर्वांत अनुभवी केंद्रांचे आकडे आहेत. ते जसेच्या तसे आपल्या गावाला लावू नका. सर्जनना त्यांच्या स्वतःच्या हातच्या रुग्णांविषयी विचारा. विचारण्यात अपमान काही नाही, मला विचारलेलं आवडतं.

स्टेरॉइड, मॅनिटॉल, नॅलोक्सोन अशी औषधंही काही ठिकाणी देतात. मी त्यांच्यावर भिस्त ठेवत नाही. ती नसतील तर अडत नाही.

यापुढचं मात्र नीट वाचा, कारण यात तुमचा वाटा आहे. पाय फक्त टेबलावर जातात असं नाही. माणूस शुद्धीवर येतो, दोन्ही पाय हलवतो, घरचे पेढे वाटतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा, पाय लुळे पडतात. जाळं अजून रुंद झालेलं नसतं, मज्जारज्जूला थोडी सूज असते, आणि अशात बीपी उतरतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतला एक रुग्ण मी विसरलेले नाही. ऑपरेशन उत्तम झालं होतं. तिसऱ्या दिवशी नळी काढली, वॉर्डात हलवलं, आणि जुन्या चिठ्ठीवरच्या बीपीच्या तिन्ही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. छापील यादी होती, तशी दिली. रात्री बीपी ९५/५० होतं, झोपेतलं म्हणून कुणी उठवलं नाही. पहाटे लघवीला उठायला गेले तर पाय उचलेनात. आम्ही आडवं झोपवलं, औषधांनी बीपी वर नेलं, ऑक्सिजन लावला, रक्त दिलं, पुन्हा नळी घातली. उजवा पाय दोन दिवसांत परतला, डावा अर्धवट. ते पुढे काठी घेऊन चालले. तेव्हापासून डिस्चार्जच्या कागदावर बीपीची खालची मर्यादा मी स्वतः लिहिते आणि लाल शाईने लिहिते.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस आयसीयूत आम्ही बीपी मुद्दाम चढं ठेवतो, सरासरी ८५ ते १००, हिमोग्लोबिन १० च्या आसपास. बहुतेक घरांत हे उलटं वाटतं. वीस वर्षं मीठ कमी, गोळी चुकवू नका, १४० झालं की घाबरायचं. आणि आता डॉक्टरच १५० वर समाधानी. काचेतून मॉनिटर बघून एखादे काका बाहेर येऊन सांगतात, बीपी वाढलंय, कुणी लक्ष देत नाही. त्यांना तुम्हीच समजवा. रक्तस्राव होत असेल तर मात्र हा आकडा सर्जन आणि आम्ही मिळून खाली आणतो, दर तासाला विचार करावा लागतो. अमुक इतकंच ठेवा असा एक आकडा सगळ्यांना लागू नाही.

पाय तपासायचे कसे, हेही घरच्यांनी शिकून घ्यावं. भेटायला येणारे तळपायाला हात लावून विचारतात, “कळतंय का?” आणि “हो” म्हटलं की निश्चिंत होतात. हा प्रश्न फसवा आहे. मज्जारज्जूचा पुढचा भाग उपाशी पडला तरी स्पर्शाचे तंतू मागच्या भागात असल्यामुळे स्पर्श कळत राहतो. हालचाल गेलेली असते आणि स्पर्श शाबूत. म्हणून विचारायचं ते “अंगठा वर करा, गुडघा वाकवा, टाच पलंगावरून उचला.” दोन्ही पायांचं. जड वाटतंय, मुंग्या येतात, लघवी होत नाही, असं काही म्हणाले की सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. पहिल्या तासांत बीपी वाढवलं आणि पाणी काढलं तर असे पाय परत येऊ शकतात. उद्यावर टाकलं तर ती संधी जाते.

घरी आल्यावरही काही आठवडे हेच भान. जुलाब, ताप, उन्हाळ्यात पाणी कमी पडणं, गोळ्यांचा डोस दुप्पट होणं, या सगळ्यांनी बीपी कोसळतं. एकादशीचा उपास तर त्या दिवसांत नकोच. रिकाम्या पोटी, पाणी कमी आणि वरून सकाळची बीपीची गोळी, हे मी पाहिलेलं आहे. घरात बीपीचं यंत्र ठेवा, आणि कितीच्या खाली गेलं तर गोळी न देता फोन करायचा तो आकडा सर्जनकडून लिहून घ्या.

स्टेंटने करता येईल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. छातीतल्या फुग्याला मांडीतून स्टेंट घालता येतो, छाती-पोट दोन्हीकडच्या फुग्याला खास फाटे असलेला लागतो. पाय जाण्याचा धोका त्यातही आहे, कारण जोडधमन्यांची तोंडं झाकली जातातच आणि ती परत शिवता येत नाहीत. म्हणून लांब फुगा असेल तर काही केंद्रं हे काम दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे सोडून करतात, म्हणजे जाळ्याला रुंद व्हायला वेळ मिळतो. बाबांना कोणता मार्ग योग्य हे त्यांचं सीटी बघणाराच सांगेल.

सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना भेटाल तेव्हा काही गोष्टी तुम्हीच पुढे होऊन सांगा. आधी पोटातल्या महाधमनीचं काही ऑपरेशन किंवा स्टेंट झालंय का. झालं असेल तर खालची कुमक आधीच तुटलेली असते. कमरेच्या मणक्यांचं ऑपरेशन झालंय का, कारण नळी घालणं अवघड होतं. क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू आहे का. ती किती दिवस आधी थांबवायची हे त्यांनीच ठरवायचं, मनाने थांबवू नका. एखादा पाय आधीपासून अशक्त असेल तर तेही लिहून घ्यायला लावा, नाहीतर नंतर जुनं काय आणि नवं काय यातच वेळ जातो. आणि विचारा: डाव्या हाताकडे जाणारी धमनी आणि ओटीपोटाच्या धमन्या उघड्या आहेत का, आणि ऑपरेशनच्या वेळी पायांचे सिग्नल बघणार का. रात्री आयसीयूत पाठीच्या नळीची सवय असलेली सिस्टर असते का, हेही विचारा. मी माझ्या वडिलांसाठी हा प्रश्न आधी विचारला असता.

शेवटचं एक काम आजपासूनच सुरू करा. रोज झोपताना बाबांना सांगा, “दोन्ही अंगठे वर, आता खाली,” आणि त्यांनी ते करायचं. बडोद्यातल्या आपल्या माणसांना गुजराती घरच्यासारखी येते, पण भुलीच्या गुंगीतून बाहेर येताना कान आईच्या भाषेला लवकर उत्तर देतात. आयसीयूतल्या सिस्टर कधी गुजराती बोलणाऱ्या असतात, कधी मल्याळी. म्हणून एका कागदावर मोठ्या अक्षरात “अंगठे वर करा” हे देवनागरीत आणि खाली गुजराती लिपीत मराठी उच्चार असं लिहून त्यांच्या फाइलला लावा. मी स्वतः असे कागद लावून घेते. बाबा कानाचं यंत्र लावत असतील तर ते नाव लिहिलेल्या डबीत घालून ऑपरेशनच्या दिवशी आयसीयूच्या सिस्टरच्या हातात द्या, सामानाच्या पिशवीत ठेवू नका. जाग आल्यावर त्यांनी पाय हलवले नाहीत, तर ऐकू आलं नाही म्हणून हलवले नाहीत की हलत नाहीत म्हणून, हे आम्हाला त्याच मिनिटाला कळायला हवं.